'वग' आणि 'टॅस' : बर्को यांच्या प्रयोगाची दुर्लक्षित बाजू

जीन बर्को यांच्या १९५८ मधील प्रयोगाचा उल्लेख बालभाषेच्या अभ्यासात वारंवार होतो. चार ते सात वर्षांच्या इंग्रजीभाषी मुलांना एका कल्पित प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव 'वग' असल्याचे सांगण्यात आले. मग तसेच दोन प्राणी दाखविले. (तमाशातला वग निराळा!) ९१ टक्के मुलांनी 'वग्ज' हे अनेकवचन सांगितले. मूल केवळ ऐकलेले परत म्हणत नाही, एवढे त्यातून खचित सिद्ध होते.

परंतु 'टॅस' या दुसऱ्या कल्पित शब्दाचे 'टॅसिझ' हे रूप फक्त ३६ टक्के मुलांना साधले. उलट त्याच ध्वनीने संपणाऱ्या, परिचयाच्या 'ग्लास' शब्दाचे अनेकवचन ९१ टक्के मुलांनी बरोबर सांगितले. तेव्हा 'ग्लासिझ' हे रूप पुष्कळ मुलांनी नियमाने घडविलेले नसून आयतेच उचललेले असावे. बर्को यांनी ही तफावत नोंदविली आहे. त्यांचा हवाला देणारे मात्र बहुधा 'वग'पाशीच थांबतात.

हा प्रयोग मराठीत उतरविणे तर अधिकच अवघड. 'देव' अनेकवचनातही 'देव'च राहतो. 'घर'ची 'घरे', 'भिंत'च्या 'भिंती', पण 'माळ'च्या 'माळा' होतात. कल्पित अकारान्त शब्दाचे लिंग मुलाला कळावे म्हणून प्रयोगकर्त्याने 'हा' किंवा 'हे' म्हणताच अर्धे उत्तर त्यानेच पुरविलेले असते. 'ही' म्हटल्यावर मात्र 'ई' की 'आ' हा प्रश्न उरतोच. तेथे मुलाचे कोणते उत्तर चूक धरावयाचे?