तंबूतलं भूत
जत्रेतल्या तंबूत आजीसंगं ‘वो कौन थी?’ पाहिला, 1964 सालचा. पावसात उभी पांढऱ्या साडीतली साधना बघून अंगावर काटा आला. शेवटी कळलं, भूतबित काही नाही, जुळी बहीण! आजी चिडली, “जुळीच काढायची हुती तर एवढं भ्या कशापायी दावलं रं?” मलाही फसल्यागत वाटलं. ती बहीण गोष्टीत आधी कुठं पेरलीच नव्हती.

पुढं ‘ज्वेल थीफ’ आला. चोर अशोककुमार, हे पहिल्याच रात्री गावभर फुटलं. तरी दुसऱ्या रात्री आम्ही पुन्हा गेलो. आता त्याच्या साध्या बोलण्यातही लबाडी दिसायला लागली. कलाटणी टिकते ती अशी. आजीनं पदराची गाठ सोडून तिकिटाचे पैसे दिले, तेही न कुरकुरता.