ससे मारायला गेलो होतो

बालमित्र ही जमात मोठी धोक्याची. पुढच्या आयुष्यात भेटणाऱ्या माणसांना आपण आपला हवा तो इतिहास सांगू शकतो. बालमित्राला ती थाप पचत नाही, कारण त्या इतिहासात तो स्वतः चड्डी सावरत उभा असतो. मास्तरांच्या सायकलची हवा सोडली ती पुढल्या चाकाची की मागल्या, इथपर्यंत त्याला पाठ असते. म्हणून शहाणी माणसे बालमित्राशी जपून, गोड गोड वागतात. यालाच पुढे 'जन्माची मैत्री' म्हणतात.

या विषयावर जेन हार्पर नावाच्या बाईंनी 'द ड्राय' ही झकास कादंबरी लिहिली आहे. बाई मूळच्या इंग्लंडातल्या, पुढे मेलबर्नला वर्तमानपत्रात नोकरीला. 2015 साली या कादंबरीच्या हस्तलिखिताला तिकडे बक्षीस मिळाले. हो, अप्रकाशित हस्तलिखिताला! आपल्याकडे असे बक्षीस कोणी जाहीर केले, तर परीक्षकांच्या दारात मालमोटारींची रांग लागेल. 2016 साली पुस्तक निघाले, 2017 साली त्याला इंग्लंडचा 'गोल्ड डॅगर', म्हणजे सोन्याचा खंजीर मिळाला आणि 2021 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात सिनेमाही लागला. असो. बक्षिसांनी पुस्तक चांगले ठरत नाही. हे पुस्तक तरीही चांगले आहे.

कीवारा हे ऑस्ट्रेलियातले एक काल्पनिक खेडे. दोन वर्षे पाऊस नाही. गुरे मरताहेत, दुकाने बंद पडताहेत, माणसे एकमेकांवर खेकसताहेत. ल्यूक हॅडलर या शेतकऱ्याने बायकोला आणि लहानग्या मुलाला गोळ्या घातल्या आणि स्वतःलाही संपवले, असे सगळे म्हणतात. त्याचा बालमित्र एरन फॉक आता मेलबर्नला पोलीस खात्यात आहे. पैशांच्या अफरातफरी शोधतो. तो अंत्यविधीला येतो, पण आपण होऊन नव्हे. ल्यूकच्या बापाने त्याला चिठ्ठी धाडलेली असते. मायन्याचा अर्थ असा, की तुम्ही दोघे तेव्हा खोटे बोललात हे मला ठाऊक आहे. तेव्हा मुकाट्याने ये.

'तेव्हा' म्हणजे वीस वर्षांपूर्वी. एली नावाची यांची मैत्रीण नदीत मेलेली सापडली. खिशात दगड भरलेले. तिच्या खोलीत एक कागद मिळाला, त्यावर एकच नाव होते : फॉक. झाले! गावाने निकाल लावला. आता एरनही फॉक आणि त्याचा बापही फॉक. तेव्हा संशयाला एकाच तिकिटात दोन डोकी मिळाली. आपल्याकडच्या एखाद्या खेड्यात अशा चिठ्ठीवर नुसते 'पाटील' लिहिलेले सापडले असते, तर तपासासाठी अर्धे गाव चावडीवर बसवावे लागले असते आणि उरलेल्या अर्ध्याने त्यांचे डबे पोचवले असते. कीवारात तेवढी सोय नव्हती. बापलेकांना गाव सोडावे लागले.

त्या वेळी ल्यूकनेच तोड काढली होती. तो एरनला म्हणाला, विचारलं तर सांगायचं, आपण दोघं मिळून ससे मारायला गेलो होतो. दोघांनी तसे सांगितले. ते खोटे होते. बस्स, पुस्तकाचे सगळे वजन या सशांच्या पाठीवर आहे.

कारण खोटे बोलून ल्यूकने कोणाला वाचवले? एरनला, की स्वतःला? एरनला कळत नाही. तुम्हीआम्ही बाजारात वांग्याचा भाव तीनदा विचारतो. हा गृहस्थ पोलिसात नोकरी करतो, दिवसभर परक्यांना प्रश्न विचारण्याचा पगार घेतो, आणि हा एक प्रश्न मित्रापुढे सरळ ठेवून त्याचा उलगडा करून घेणे त्याला वीस वर्षांत जमत नाही.

आमच्या सौ.ना मी ही गोष्ट सांगितली. त्या रहस्यकथेतला खुनी चहाला आधण येईस्तोवर ओळखतात. पण या वेळी खुन्याचे त्यांनी नावही काढले नाही. म्हणाल्या, "अहो, पण त्यानं नीट विचारून का नाही घेतलं?"

"उत्तराची भीती वाटली असेल."

"मग ती मैत्री कसली? ती आपली भिशी. दोघांनी मिळून थाप गुंतवायची आणि हप्ते भरत बसायचं."

यापुढे समीक्षकाने काय लिहावे? एवढेच लिहितो, की बाईंनी हा न विचारलेला प्रश्न फार चांगला सांभाळला आहे. आता उत्तर देणारा शवपेटीत आहे आणि विचारणारा शेवटच्या बाकावर घामाघूम. मेलेल्या मित्रावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्याला एकट्याने ठरवायचे आहे. खुनी सापडण्यापेक्षा मला याची जास्त धाकधूक होती.

दुष्काळाचे वर्णनही नुसती पार्श्वभूमी म्हणून येत नाही. लहानपणी ज्या नदीत डुंबला, ती बघायला एरन जातो तर नदीच नाही, नुसते कोरडे पात्र. मराठवाड्यातल्या वाचकाला हे पान समजावून सांगायला नको. पाणी आटले की तळाचे सगळे दिसू लागते, हे बाई कुठेही घोळून सांगत नाहीत. आपले आपल्यालाच कळते.

दोन तक्रारी मात्र आहेत. पहिली, जुन्या हकिकती तिरप्या अक्षरांत येतात आणि ज्या गोष्टी कोणत्याही जिवंत पात्राला ठाऊक नाहीत, त्या लेखिका वाचकाच्या कानात सांगून जाते. एरन बिचारा उन्हात तपास करतोय आणि आपल्याला सावलीत बसल्या जागी पेपर फुटतोय! दुसरी तक्रार जास्त गंभीर. ताज्या खुनांच्या मुळाशी जो माणूस निघतो, तो बाहेरून गावात आलेला. नाव मी सांगणार नाही. मला वाचकांत तोंड दाखवायचे आहे. पण अडीचशेतीनशे पाने गावाची कुजबूज, डूख आणि दुष्टावा दाखवायचा आणि शेवटी पाप उपऱ्याच्या माथी मारायचे, ही गावाला दिलेली फुकटची सूट झाली.

एलीच्या प्रकरणात मात्र बाई गावाला सोडत नाहीत. त्या पोरीला घरी काय सोसावे लागत होते, ते डोळे असलेल्या कोणालाही दिसले असते. पण गावाला परका फॉक सोयीचा होता. आपल्यातल्यावर संशय घेतला तर उद्या त्याच्याच शेजारी बसून प्यायचे कसे?

एलीची खरी हकिकत, तिच्याच वस्तूंसकट, ही पोरे जिथे खेळायची त्या खडकाच्या फटीत वीस वर्षे पडून असते. तेवढी वर्षे कीवारात पंचनामा अखंड चालू होता. फटीत हात घालायला तेवढी कोणाला सवड झाली नाही.