बाणांची बेरीज आणि शंभर टक्क्यांचा हिशेब

रिचर्ड फाइनमन यांचे ‘क्यूईडी : द स्ट्रेंज थिअरी ऑफ लाइट अँड मॅटर’ (१९८५) हे पुस्तक विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. गणिताचा बाऊ न करता, कागदावर बाण काढून आणि त्यांची बेरीज करून ते प्रकाशाचा पुंजसिद्धान्त समजावते. तरीही आमची एक तक्रार आहे.

आधी पुस्तकाचे बळ पाहू. काचेच्या एका पृष्ठभागावरून ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. म्हणून परावर्तनाचा बाण ०.२ लांबीचा, पार जाण्याचा ०.९८ चा. लांबीचा वर्ग म्हणजे संभाव्यता. काचेला पृष्ठभाग दोन, त्यामुळे जाडीनुसार परावर्तन ० ते १६ टक्के होते. आता पार जाणारा प्रकाश मोजा. सरळ पार जाण्याचा बाण ०.९६, आत दोनदा परावर्तित होऊन पार जाण्याचा सुमारे ०.०४. दोन्ही एका दिशेला असतील तर बेरीज १, म्हणजे १०० टक्के. विरुद्ध असतील तर ०.९२, म्हणजे सुमारे ८५ टक्के. १६ आणि ८५ मिळून १०१ होतात, कारण याहून अधिक परावर्तनांचे बाण आपण सोडून दिले. तेही घेतले की बेरीज बरोबर शंभर भरते. या गुणधर्माला युनिटॅरिटी म्हणतात.

शेवटच्या प्रकरणात फाइनमन ग्लुऑनकडे वळतात आणि तेथेही जवळजवळ हेच नियम चालतात असे वाचकाला वाटते. हिशेब आपोआप जुळतो, असा समज त्यातून होतो. तो खरा नाही, आणि हे प्रथम दाखवले ते खुद्द फाइनमन यांनीच! गुरुत्वाकर्षण आणि यांग-मिल्स क्षेत्रांवरचे त्यांचे काम १९६३ साली प्रसिद्ध झाले. बंद वळशाच्या आकृत्यांत त्यांचा शंभराचा हिशेब चुकत होता. आकडेमोडीत फोटॉनची चार ध्रुवीकरणे धरतात, खरी दोनच असतात. उरलेल्या दोहोंचे परिणाम फोटॉनच्या बाबतीत एकमेकांना खोडतात. ग्लुऑन मात्र आपसातही क्रिया करतात, त्यामुळे तेथे बाकी उरते. ती वजा करण्यासाठी काल्पनिक कण घ्यावे लागतात. त्यांना ‘भुते’ म्हणतात. फादेयेव आणि पोपोव यांनी १९६७ साली त्यांचा सर्वसाधारण नियम दिला.

मार्गांची बेरीज करण्याच्या पद्धतीत सापेक्षता उघड दिसते, पण शंभराचा हिशेब तपासावा लागतो. हायझेनबर्ग यांच्या परंपरेतील कारकांच्या पद्धतीत याच्या उलट. पुस्तकात ही देवाणघेवाण नाही. म्हणून ते वर्गात वाचताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रत्येक वेळी विचारावे: उरलेला प्रकाश कोठे गेला?