रू मृत्पात्रे
चीनमधील उत्तर सुंग राजवंशाच्या (९६०–११२७) अखेरच्या काळात राजदरबारासाठी घडविलेली निळसर हिरव्या झिलईची मृत्पात्रे. हनान प्रांतातील बावफंग परगण्यात छिंगल्यांग्स येथे त्यांच्या भट्ट्यांचे अवशेष मिळाले असून तेथे १९८७ पासून उत्खनने झाली. जुर्चेनांनी ११२७ मध्ये खायफंग ही राजधानी जिंकली व दरबारासाठी होणारे हे उत्पादन संपुष्टात आले. शंभराहूनही कमी अखंड पात्रे आज ज्ञात आहेत.

या पात्रांचे घडण द्रव्य फिकट करड्या रंगाचे असते. झिलईतील अल्प लोहांशाचे भट्टीत हवा कोंडून क्षपण केल्याने तिला निळसर हिरवी छटा येते. तीतील सूक्ष्म बुडबुडे व स्फटिक यांमुळे प्रकाश विखुरतो आणि पृष्ठभाग मऊ, अर्धपारदर्शक भासतो. तळालाही झिलई देऊन पात्र बारीक टोकांच्या आधारावर भाजीत. त्यामुळे तळावर तिळासारख्या खुणा राहतात. झिलईत अकीक घालीत, असे बाराव्या शतकातील जौ ह्वे या लेखकाने नमूद केले आहे. तथापि अकीक ही मुख्यतः सिलिकाच असल्याने रंगाचे श्रेय तिला देता येत नाही.

झिलईवरील तडांचे जाळे हेच या पात्रांच्या सौंदर्याचे मर्म मानण्याचा प्रघात आहे. तो तपासून पाहावयास हवा. थंड होताना झिलई घडण द्रव्यापेक्षा अधिक आकुंचन पावते व तडकते. म्हणजे तांत्रिक दृष्ट्या हा दोषच होय. तैपेई येथील राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयातील नार्सिसस फुलांच्या लंबगोल कुंडीवर तडा नाहीत. तरीही ती या शैलीतील श्रेष्ठ कृतींत गणली जाते. तेव्हा खरे मर्म झिलईची खोली आणि संयत बाह्यरेषा यांच्या मेळात आहे. अलंकरण जवळजवळ नसल्याने आकारातील लहानशी चूकही येथे झाकली जात नाही.

छ्यन-लुंग सम्राटाने (कार. १७३६–९५) अनेक पात्रांच्या तळांवर स्वतःच्या कविता कोरविल्या. त्यांतून त्याची रसिकता दिसते. मात्र मूळ वस्तूच्या अबोलपणाला त्यामुळे बाध आला. मुंबईत जन्मलेले संग्राहक पर्सिव्हल डेव्हिड (१८९२–१९६४) यांनी या पात्रांचा चिकित्सक अभ्यास केला. त्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्यूझीयममध्ये आहे. हाँगकाँग येथे २०१७ मध्ये कुंचले धुण्याचे सु. १३ सेंमी. व्यासाचे एक पात्र २९·४३ कोटी हाँगकाँग डॉलरना विकले गेले. ही किंमत दुर्मिळतेची निदर्शक आहे, कलागुणाची नव्हे. ही पात्रे विपुल असती, तरीही संयमाचा आदर्श म्हणून त्यांचे स्थान अढळ राहिले असते.