‘द हर्ट लॉकर’ : वायर ओळखणारा, चेहरा न ओळखणारा

मागच्या वेळी आपण धैर्याविषयी बोललो. आज तोच धागा धरून कॅथरिन बिगेलो यांचा ‘द हर्ट लॉकर’ (२००८) पाहू. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी शेवट आधीच कळला म्हणून रागावू नये.

काळ २००४, शहर बगदाद. बॉम्ब निकामी करणाऱ्या अमेरिकन तुकडीचा प्रमुख स्फोटात जातो आणि त्याच्या जागी सार्जंट विल्यम जेम्स येतो. हा माणूस एका गाडीतल्या बॉम्बपुढे संरक्षक सूट काढून ठेवतो, कानावरचा हेडसेटही फेकतो. आपण म्हणतो, काय शूर आहे! पण ॲरिस्टॉटल इथे आपल्याला थांबवतो. ज्याला कशाचीच भीती वाटत नाही, तो त्याच्या मते शूर नव्हेच. धैर्य हे भित्रेपणा आणि बेदरकारपणा यांच्या मधलं, आणि तेही कशासाठी तरी असलेलं. जेम्सचं ‘कशासाठी’ काय, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर दोन डब्यांत आहे. एक त्याच्या पलंगाखालचा. ज्या बॉम्बनी त्याचा जीव जवळजवळ घेतला होता त्यांचे सुटे भाग त्यात आहेत, आणि त्यांच्यातच लग्नाची अंगठी! दुसरा शेवटी येतो, घरी, तान्ह्या मुलापुढे. झाकण उघडलं की बाहुलं उसळणारा खेळण्यातला डबा. मूल हसतं. बाप त्याला सांगतो की वय वाढतं तशा आवडत्या गोष्टी कमी होत जातात. त्याच्यापाशी एकच उरली आहे. ती कोणती, हे आपण पहिल्या डब्यात पाहिलेलं असतं. मग तो ३६५ दिवसांसाठी पुन्हा युद्धावर जातो.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग. स्वतःला बेकहॅम म्हणवणारा, डीव्हीडी विकणारा एक पोरगा जेम्सला लळा लावतो. पुढे एका मुलाच्या प्रेतात बॉम्ब भरलेला सापडतो. जेम्स ठरवून टाकतो, हा बेकहॅमच. सूड घ्यायला तो रात्री एका घरात शिरतो, तर तिथला वृद्ध प्राध्यापक त्याचं पाहुण्यासारखं स्वागत करतो! काही दिवसांनी बेकहॅम जिवंत समोर येतो, हाक मारतो. जेम्स न बोलता पुढे निघून जातो.

वाळूत पुरलेली एकेक वायर ओळखणाऱ्या माणसाला एका पोराचा चेहरा ओळखता येत नाही. जिवंत मुलापेक्षा मेलेला मुलगा त्याला जास्त उपयोगी होता, कारण मेलेला त्याला ‘कशासाठी’ देत होता. जिवंत मुलाशी मात्र नुसतं बोलावं लागलं असतं.

इराकी माणसं या चित्रपटात नुसती बघ्यांची गर्दी आहेत, अशी टीका होते. ती आम्हाला अर्धी पटते. जेम्सची नजर आंधळी आहे हे दिग्दर्शिकेला पक्कं ठाऊक आहे. पण जेम्स पाठ फिरवतो तेव्हा कॅमेराही त्याच्याबरोबरच निघतो. त्या पोराचं पुढे काय झालं? रोगाचं निदान अचूक, पण वैद्यालाही थोडी लागण झालेली आहे.

तेव्हा पुन्हा पाहाल तर जेम्स निघाला की मनाने तिथेच थांबा, त्या पोराजवळ.