उक्त, अनुक्त, दुरुक्त : डॉक्युमेंटेशनमधल्या छोट्या दुरुस्त्यांचं मोल



आजचा विषय दिसायला किरकोळ आहे. ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता, वापरता आणि बदलता येतो असं सॉफ्टवेअर. त्याच्याबरोबर माहितीची पानं येतात. ते बसवायचं कसं, चालवायचं कसं, कुठला पर्याय निवडला की काय होतं, हे सगळं त्यांत असतं. यालाच डॉक्युमेंटेशन म्हणतात. त्या पानांतली एखादी चूक कुणी अनोळखी वाचक दुरुस्त करून पाठवतो. एक अक्षर, एक शब्द, फार तर एक परिच्छेद. तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात काय रस, असं तुम्ही म्हणाल. मला रस आहे तो असा, की या दुरुस्तीबद्दल दोन अगदी उलटी मतं प्रचलित आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे.

पहिलं मत मुरलेल्या प्रोग्रॅमरचं. तो म्हणतो, खरं काम कोडमध्ये, बाकी सगळी रंगसफेदी. दुसरं मत नवशिक्यांना सल्ला देणाऱ्यांचं. ते म्हणतात, ‘कोड येत नाही ना? काळजी करू नकोस. एखादा टायपो शोध, नीट कर, पाठव. झालं तुझं योगदान!’ एक जण हिणवतो, दुसरा प्रोत्साहन देतो. पण गृहीतक दोघांचं एकच : हे काम सोपं आहे, कारण ते लहान आहे. मला हे गृहीतक तपासायचं आहे.

आधी एका अक्षराची गोष्ट. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता, तेव्हा आपण कुठून आलो हे ब्राउझर त्या दुसऱ्या संकेतस्थळाला कळवतो. त्या नोंदीचं नाव ‘रेफरर’. इंग्रजीत या शब्दाच्या मध्ये ‘आर’ दोनदा हवा. मूळ प्रस्तावात तो एकदाच पडला. कुणी वेळेत नीट केला नाही, आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात तो तसाच गेला. तोवर जगभरची यंत्रं ते चुकीचं स्पेलिंग अपेक्षू लागली होती. आज ते बदलणं शक्य नाही. गंमत पुढेच आहे. नंतर याच नोंदीबद्दलचे नियम सांगणारी नवी नोंद आली, तिच्यात स्पेलिंग बरोबर आहे. म्हणजे आता प्रत्येक नव्या प्रोग्रॅमरला एकच शब्द दोन तऱ्हांनी लक्षात ठेवावा लागतो. दुरुस्तीला एक मुदत असते. ती टळली की चूक नियम होते.

आता जरा आपल्या परंपरेकडे वळू, कारण छोट्या दुरुस्तीचा विचार आपल्याकडे फार काटेकोरपणे झालेला आहे. पाणिनीची सुमारे ४,००० सूत्रं. त्यांवर कात्यायनाने वार्तिकं लिहिली. वार्तिक म्हणजे सूत्रावरची छोटी टिप्पणी, भर किंवा दुरुस्ती. कात्यायनाने पाणिनीला बाजूला सारून नवं व्याकरण रचलं नाही. जिथे अडलं तिथे तेवढंच लिहिलं. आणि वार्तिकाचं काम काय, याची परंपरेने तीन शब्दांत वाटणी केली आहे : उक्त, अनुक्त आणि दुरुक्त यांचा विचार. जे सांगितलं आहे ते, जे सांगायचं राहिलं ते, आणि जे चुकीचं किंवा वाईट रीतीने सांगितलं ते. डॉक्युमेंटेशनच्या दुरुस्त्या तपासायला याहून चांगली फूटपट्टी मला सापडलेली नाही.

दुरुक्त पाहा. हे सगळ्यांत सोपं वाटतं, कारण टायपो यातच येतो. पण समजा पानावर लिहिलंय की प्रोग्रॅम उत्तराची ३० सेकंद वाट पाहतो, आणि प्रत्यक्षात तो ६० सेकंद थांबतो. एका आकड्याची तफावत. दुरुस्त काय करायचं? पान की कोड? आपण पटकन म्हणू, चालतो तो कोड, तेच प्रत्यक्ष प्रमाण. पण लिहिणाऱ्याच्या मनात ३० च असतील आणि कोडमध्ये चूक झाली असेल, तर पान खरं आहे आणि यंत्र खोटं बोलतंय. हे ठरवायला जुन्या नोंदी पाहाव्या लागतात, बदल कुणी आणि का केला ते शोधावं लागतं, कधी विचारावं लागतं. शेवटी बदलतो एकच अंक, पण त्या अंकामागे निवाडा आहे.

उक्त म्हणजे जे सांगितलंय ते. एके काळी बरोबर होतं, आता शिळं झालं. पर्याय काढून टाकला, पान तसंच राहिलं. हे कुणाला दिसत नाही, कारण वाक्य शुद्ध असतं, व्याकरण ठीक असतं. ज्याने तिथे लिहिलेलं खरंच करून पाहिलं, त्यालाच ते कळतं.

आणि अनुक्त. हे माझ्या मते सगळ्यांत मोलाचं, आणि इथे नवशिक्या माणूस तज्ज्ञापेक्षा वरचढ ठरतो. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण कुणाच्याही शब्दाला नाही, आप्ताच्या. वात्स्यायनाने आप्त कोण ते सांगितलंय : ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि ती जशी आहे तशी दुसऱ्याला सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. दोन्ही अटी नीट पाहा. तज्ज्ञ पहिली अट सहज पुरी करतो. दुसरीतही त्याची इच्छा असते, पण एक अडचण येते : आपल्याला काय काय ठाऊक आहे, हे त्यालाच दिसेनासं झालेलं असतं. आपल्या आजीला पुरणपोळीचं प्रमाण विचारलं की ती म्हणायची, ‘अंदाजाने घाल गं.’ लबाडी नसते त्यात. तिच्या हाताला ठाऊक असतं, तोंडाला नसतं.

‘आता नेहमीप्रमाणे वातावरण तयार करा आणि पुढे जा’ असं वाक्य पानावर असतं. तज्ज्ञाला ते पुरं वाटतं. पहिल्यांदा वाचणारी मुलगी तिथेच अडकते. कुठलं वातावरण? नेहमीप्रमाणे म्हणजे कसं? तिचं हे अडणं ही ज्ञानाची सामग्री आहे, आणि ती टिकत नाही. दोन महिन्यांनी तिलाही ते वाक्य पुरं वाटू लागेल. नवखेपणाची खिडकी एकदाच उघडते. त्या काळात तिने पानावर एक वाक्य वाढवलं, तर ते वाक्य त्या प्रकल्पातला कुठलाही ज्येष्ठ माणूस लिहू शकला नसता.

जँगो नावाचा प्रकल्प आहे. अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत तो जन्मला, आणि लिखाणाबद्दलची आपली आस्था तो अभिमानाने या जन्माशी जोडतो. त्यांच्या लेखन-नियमांत एक नियम आहे : ‘सहज’, ‘नुसतं’, ‘फक्त’ अशा, काम हलकं भासवणाऱ्या शब्दांना शक्यतो टाळा. मला हा नियम नैतिक वाटतो. ‘नुसती ही फाइल बदला’ असं वाचून ज्याला ती फाइल सापडत नाही, त्याला पानाची नव्हे, स्वतःची लाज वाटते. तिथला ‘नुसती’ खोडणं ही एका शब्दाची दुरुस्ती. कुणी तिला रंगसफेदी म्हणेल का?

मग हे काम इतकं मोलाचं, तर बदनाम का झालं? याचं उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाचा उपक्रम २०१४ पासून दर ऑक्टोबरात होतो. ठरावीक संख्येने दुरुस्त्यांचे प्रस्ताव, म्हणजे पुल रिक्वेस्ट, पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. हेतू उत्तम होता. २०२० साली चार प्रस्ताव पुरेसे होते. आणि महिना उजाडताच प्रकल्पांच्या दारात निरर्थक दुरुस्त्यांचा ढीग पडला. रीडमी म्हणजे प्रकल्पाचं परिचयाचं पान. त्यात कुणी ‘हा अद्भुत प्रकल्प आहे’ एवढं घालायचं आणि वर शीर्षक द्यायचं ‘डॉक्युमेंटेशन सुधारलं’. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला : ज्या प्रकल्पांनी होकार दिलाय, तिथलेच प्रस्ताव धरले जातील. २०२३ मध्ये तर टी-शर्टच बंद झाला.

आपल्याला जास्त बोचावी अशी गोष्ट २०२४ च्या सुरुवातीची. एक्सप्रेस हा जगभर वापरला जाणारा प्रकल्प. त्याच्या रीडमीत स्वतःचं नाव घालणारे प्रस्ताव एकामागून एक येऊ लागले. पाठवणारे बहुतेक भारतीय विद्यार्थी. एका शिकवणीच्या व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची याचं प्रात्यक्षिक त्या प्रकल्पावर करून दाखवलं होतं, आणि मुलांनी ते जसंच्या तसं केलं. त्या मुलांची टिंगल झाली. मला टिंगल करवत नाही. बायोडेटावर ‘ओपन सोर्स योगदान’ असं लिहा, असं त्यांना सांगितलं गेलं. योगदान म्हणजे काय ते सांगितलं गेलं नाही. बटण कुठलं दाबायचं ते शिकवलं. पान वाच आणि अडलास तर थांब, हे शिकवलं नाही. त्या मुलांकडे नवखेपणाची तीच दुर्मीळ खिडकी उघडी होती, आणि तिचा उपयोग स्वतःचं नाव कोरण्यासाठी झाला. गडाच्या भिंतीवर नाव कोरावं तसा. हानी प्रकल्पाची झालीच. प्रत्येक प्रस्ताव कुणीतरी उघडून पाहतो, आणि तो माणूस बहुधा फावल्या वेळात बिनपगारी काम करत असतो. पण त्याहून मोठी हानी मुलांची झाली.

‘म्हणजे बक्षीसच वाईट’, असा निष्कर्ष तुम्ही काढाल. तो घाईचा होईल. डोनाल्ड नुथ यांचं उदाहरण घ्या. आपल्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पायावर मोजलेला एक डॉलर, हा त्यांचा विनोद. अनेकांनी तो चेक वटवलाच नाही, चौकटीत लावला. २००८ पासून ते खऱ्या चेकऐवजी एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र देतात, तरी त्याचा मान घटलेला नाही. टी-शर्टही बक्षीस, चेकही बक्षीस. फरक कुठे? चेक मिळायचा तर कुणीतरी पुस्तक बारकाईने वाचलेलं असावं लागतं, आणि ती चूक खरी आहे हे लेखकाने तपासलेलं असावं लागतं. टी-शर्ट मोजणारी व्यवस्था फक्त दारावरची थाप मोजत होती, घरात कोण आलं हे तिला माहीतच नव्हतं.

एक आक्षेप रास्त आहे. नवशिक्यावर इतकं ओझं टाकलं तर तो येणारच नाही. साधा टायपो तरी निवांत दुरुस्त करू द्या. जरूर करू द्या. जँगोतसुद्धा टायपोपलीकडच्या बदलांना आधी नोंद लागते, टायपोला ती माफ आहे. माझं म्हणणं एवढंच, की टायपोही वाचताना सापडलेला असावा, शिकारीला निघून टिपलेला नसावा. वाचताना सापडलेला टायपो सांगतो की इथे एक वाचक आला होता. शिकारीचा टायपो सांगतो की एक जण येऊन गेला.

२०१७ साली गिटहबने एक सर्वेक्षण केलं. उत्तर देणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा शिळ्या डॉक्युमेंटेशनचा त्रास असल्याचं सांगितलं. आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले, आम्ही डॉक्युमेंटेशनसाठी क्वचितच काही करतो किंवा काहीच करत नाही. म्हणजे काम भरपूर पडलंय.

तुमच्यापैकी जे विद्यार्थी हे ऐकताहेत त्यांना एक सुचवतो. आधी प्रकल्प निवडू नका. जे सॉफ्टवेअर तुम्ही आज खरंच वापरताय, त्याचं पान उघडा आणि लिहिलंय तसं, एकही पायरी न गाळता करा. जिथे अडाल तिथली वेळ आणि वाक्य वहीत टिपून ठेवा. मार्ग सापडला की त्या वाक्यापाशी परत या, आणि हे उक्त आहे, अनुक्त आहे की दुरुक्त, ते ठरवा. मग दुरुस्ती पाठवताना सोबत दोन ओळी लिहा : मी इथे का अडलो, आणि मला नंतर काय कळलं. तपासणाऱ्याला खरी गरज या दोन ओळींची असते.

इथे थांबतो. प्रश्न जरूर विचारा.