विद्यापीठ, मोंढा आणि ओलावा मोजण्याचे यंत्र

दिवाळीच्या आगेमागे अहमदपूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढते. शेतकरी पोत्याचे तोंड सोडतो. आडत्या ओंजळभर दाणे एका लहानशा यंत्रात टाकतो, कळ दाबतो आणि आकडा वाचतो : चौदा. त्या आकड्यावर भाव ठरतो. शेतकरी म्हणतो, माल चार उन्हे दाखवून आणलाय. आडत्या म्हणतो, यंत्र काय खोटे बोलते का? या गर्दीत वडिलांबरोबर पोती उतरवायला आलेला बी.एस्सी.चा एखादा विद्यार्थीही असतो. विद्युत धारित्राचा पाठ त्याने बारावीला वाचला, पदवीला पुन्हा वाचला. समोरचे यंत्र म्हणजे ते धारित्रच आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

विद्यापीठे आणि नोकरी देणारे यांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांना उद्याच्या कामासाठी तयार करावे, ही मागणी जुनी आहे. आता ती नियमांत उतरली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून महाराष्ट्रात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने नवा आराखडा लागू झाला. त्यात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग बनले. त्याला साधारणतः चार श्रेयांक आहेत. अशा कामात एका श्रेयांकाला ३० तास धरतात. म्हणजे विद्यार्थ्याने १२० तास कामावर घालवायचे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या क्षेत्रात येतात. त्यातील अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावातून ही योजना कशी दिसते, हे या लेखात तपासायचे आहे.

प्रथम योजनेचे श्रेय मान्य करू. पुस्तकाबाहेरच्या कामाला गुण मिळावेत, ते गुण पदवीत धरले जावेत, ही गोष्ट चांगलीच आहे. हाताने काम करणे म्हणजे कमीपणा, ही आपल्या शिक्षणातली जुनी खोड आहे. ती मोडण्याच्या दिशेने हे एक पाऊल आहे.

पण ही योजना एक गोष्ट गृहीत धरते. महाविद्यालयाच्या आसपास कारखाने आहेत, त्यांत प्रशिक्षण देणारा अधिकारी आहे आणि त्याच्याकडे वेळ आहे, असे ती मानते. आपल्याकडचे चित्र निराळे आहे. लातूरजवळ रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला. २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. पण एक मोठा कारखाना चार जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना पुरा पडणार नाही. अहमदपूरहून लातूर साठ-सत्तर किलोमीटर आहे. एसटीने रोज जाऊन-येऊन १२० तास भरायचे तर भाड्याचे पैसे कोणी द्यायचे? घरचे मुलीला पाठवतील का? शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याकडे पाहावे, तर तिथेही अडचणच आहे. मूळ कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमबदलानुसार ३० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. त्याहून लहानांना ते ऐच्छिक राहिले. आमच्या बाजारपेठेतले दुकान चार-पाच माणसांवर चालते. कायदा ज्याला ‘नोकरी देणारा’ म्हणून बंधन घालतो, तो मोंढ्यात सापडतच नाही.

मग काय होते? ओळखीच्या दुकानदाराकडे जाऊन प्रमाणपत्रावर शिक्का घेतला जातो. पाहण्यात आलेल्या एका विद्यार्थ्याच्या फाइलीत १२० तासांचा तक्ता अगदी नेटका होता. त्याने तिथे कोणता प्रश्न विचारला, काय मोजले, काय चुकले, याची एक ओळही त्यात नव्हती. दोष केवळ त्या मुलाचा नाही. तासांचा तक्ता मागितला, तर तासांचा तक्ताच मिळणार.

शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणाशी उत्पादक कामाचा मेळ घालण्याची शिफारस केली आणि ‘कार्यानुभव’ हा विषय शाळेत आला. कल्पना उत्तम होती. पण कित्येक शाळांत त्याची परीक्षा म्हणजे बाजारातून विकत आणलेले तोरण आणि शेजारच्या काकूंकडून करून घेतलेला रुमाल असे होऊन बसले. वस्तू जमा झाली, अनुभव राहून गेला. ऑन जॉब ट्रेनिंगची गाडीही त्याच चाकोरीत शिरते आहे.

सहकार्य कुठे जमले?

असे सहकार्य जगात काही ठिकाणी खरोखर जमले आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीच्या २७ विद्यार्थ्यांपासून सुरुवात केली. एक आठवडा वर्गात, पुढचा आठवडा कारखान्यात, अशी पाळी होती. जर्मनीत बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात १९७४ मध्ये डाइमलर-बेंझ, बॉश यांसारख्या कंपन्यांच्या पुढाकाराने अशीच एक संस्था निघाली. २००९ मध्ये तिला विद्यापीठाचे स्वरूप आले. तिथला विद्यार्थी कंपनीशी करार करतो, त्याला वेतन मिळते आणि साधारण तीन-तीन महिन्यांनी तो वर्ग आणि कामाची जागा यांत आलटून-पालटून राहतो.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांना विरंजन आणि रंगाईचे रसायनशास्त्र जाणणारी माणसे हवी होती. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला आणि त्याला उद्योजकांच्या देणग्यांचे पाठबळ मिळाले. कापडापासून सुरू झालेला हा विभाग पुढे रंग, औषधे, तेले, अन्नपदार्थ अशा अनेक शाखांत वाढला. २००८ मध्ये तो अभिमत विद्यापीठ झाला आणि २०१८ मध्ये मराठवाड्यात, जालना येथे त्याचे संकुल सुरू झाले.

या तिन्ही ठिकाणी समान काय आहे? पैसा आहे, हे खरे. पण त्याखेरीज एक गोष्ट आहे. कामाच्या जागेवरचा प्रश्न वर्गात येतो आणि वर्गातले उत्तर कामाच्या जागेवर परत जाते. श्नायडर यांच्या आठवड्याच्या पाळीचा अर्थच तो होता. सोमवारी यंत्रावर अडलेले शनिवारपर्यंत विसरले जाऊ नये, पुढच्या आठवड्यात फळ्यावर यावे. ही ये-जा नसेल तर १२० तास काय आणि १२०० तास काय, फरक पडत नाही. ती असेल तर चार माणसांचे दुकानही पुरते.

मोंढ्यातला प्रश्न

आता पुन्हा त्या यंत्राकडे येऊ. अशा यंत्रात दोन धातूंच्या पृष्ठभागांमध्ये धान्य भरले जाते. हे झाले धारित्र. त्याची धारिता मधल्या पदार्थाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर अवलंबून असते. नेहमीच्या तापमानाला पाण्याचा हा स्थिरांक ८० च्या आसपास, तर कोरड्या धान्याचा जेमतेम काही एकक असतो. म्हणून दाण्यात पाणी थोडे वाढले तरी धारिता बदलते आणि यंत्र त्या बदलाचे टक्क्यांत रूपांतर करून दाखवते. यंत्र पाणी थेट मोजत नाही. ते विजेचा गुणधर्म मोजून पाण्याचा अंदाज करते. दाणे उन्हात तापलेले असतील, सैल किंवा दाबून भरले असतील, किंवा यंत्र दुसऱ्याच पिकासाठी लावलेले असेल, तर अंदाज चुकतो. तेव्हा ‘यंत्र खोटे बोलते का?’ या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर असे, की ते खोटे बोलत नाही, पण चुकू शकते.

ही चूक महाग पडते. १०० किलो सोयाबीनमध्ये १३ टक्के पाणी असेल तर कोरडा भाग ८७ किलो. तोच माल १२ टक्क्यांवर आणला तर त्याचे वजन ८७ भागिले ०.८८, म्हणजे सुमारे ९८.९ किलो भरते. फरक १.१ किलोचा. २०२४-२५ च्या खरीप हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने एका टक्क्याची किंमत क्विंटलमागे सुमारे ५५ रुपये होते. वीस क्विंटल आणणाऱ्याला यंत्राच्या एका टक्क्याच्या चुकीचे अकराशे रुपये, आणि हा नुसता पाण्याच्या वजनाचा हिशेब. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा एरवी १२ टक्के असते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. माल केंद्रावर घेतला जाणार की परत जाणार, हे असा एक आकडा ठरवतो.

या यंत्राची तपासणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. त्यासाठी अचूक तराजू आणि भट्टी लागते, आणि या वस्तू तिथे असतात. एकाच पोत्यातला नमुना दोन भागांत वाटायचा. एक भाग मोंढ्यातल्या यंत्रावर मोजायचा. दुसरा भाग बंद डब्यातून प्रयोगशाळेत न्यायचा, दळायचा आणि १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा. वजनातली घट म्हणजे ओलावा. असे चाळीस-पन्नास नमुने घेऊन दोन्ही आकड्यांचा आलेख काढला, की यंत्र कुठे आणि किती चुकते ते कळते. हे काम १२० तासांत आरामात बसते. यात भौतिकशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, संख्याशास्त्र आहे आणि बाप-लेकाच्या घरचे पैसेही आहेत.

आक्षेप

इथे कोणी म्हणेल, आडत्याला आपले यंत्र तपासून घ्यायला आवडेल का? आक्षेप रास्त आहे आणि या विषयाचे मर्मही तेच आहे. मालकाचे हित आणि विद्यार्थ्याचे शिक्षण प्रत्येक वेळी एकाच दिशेला जात नाहीत. सहकार्याच्या सगळ्या गोड चर्चेत हे बोलले जात नाही. विद्यापीठाने मालकाला हवी तशी माणसे पुरवावीत, एवढाच सहकार्याचा अर्थ घेतला तर विद्यार्थी यंत्राची कळ दाबायला शिकेल, आकडा तपासायला शिकणार नाही. म्हणून अशा कामात महाविद्यालयाने एकट्या दुकानदाराशी बोलणी न करता बाजार समितीला बरोबर घ्यावे. निकाल सर्वांसमोर मांडावेत, कोणा एकाला आरोपी करू नये. प्रामाणिक आडत्याचा यात फायदाच आहे. तपासलेल्या यंत्राच्या दुकानात वाद कमी होतात आणि माल जास्त येतो.

दुसरा आक्षेप असा, की उद्या ही यंत्रे बदलतील. कॅमेऱ्याने दाणे पारखणारी यंत्रे येतीलच. मग आजचे यंत्र शिकून काय उपयोग? उद्या कोणते यंत्र येणार, हे कारखानदारालाही नक्की ठाऊक नसते. पण कोणतेही यंत्र आले तरी ते काय मोजते, कशावरून अंदाज करते, आणि त्याची चूक कोणत्या स्वतंत्र पद्धतीने पकडायची, हे तीन प्रश्न कायम राहतात. ते विचारण्याची सवय हीच उद्याच्या कामाची तयारी.

तिसरी अडचण आमच्याच बाजूची आहे. विद्यार्थ्याबरोबर मोंढ्यात दोन दिवस उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकाचे ते तास त्याच्या कार्यभारात धरले गेले पाहिजेत. तसे झाले नाही तर तोही शिक्क्यावर समाधान मानील आणि त्याला दोष देता येणार नाही. आराखड्यात सुधारणा करायची असेल तर ती इथून करावी. तासांच्या तक्त्याऐवजी तीन पाने मागावीत : कामाच्या जागी सापडलेला एक प्रश्न, त्यासाठी केलेले एक मोजमाप, आणि ते निकाल तिथल्या माणसांना सांगितल्यावर त्यांनी काय म्हटले.

माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावात डाळमिल असते, दूध संकलन केंद्र असते, मोटार भरून देणारा असतो. तुरीच्या दाण्यात टरफलाचा वाटा वजनाने १५ टक्क्यांच्या आसपास असतो. मग शंभर किलो तुरीची पंचाऐंशी किलो डाळ का पडत नाही? उरलेली कुठे जाते? हा प्रश्न नववीच्या मुलांना देऊन गिरणीत पाठवावे. ती परत येतील तेव्हा फळा त्यांच्या हाती द्यावा.